सल्ला हवा: एकच व्ह्यू फॉर्म तीन पीएचपी फ्रेमवर्कमध्ये कसा बसवू?

नवखा_नांदेडकर
नमस्कार मंडळी. एकाच क्लायंटच्या तीन साइट गळ्यात आहेत: कोडइग्नायटर ३, लाराव्हेल ११ आणि सिम्फनी ६.४. तिन्हीकडे हप्ता मोजायचा नि चौकशीचा तोच फॉर्म हवाय. जावास्क्रिप्टच्या व्ह्यू ३ मध्ये लिहून झालाय. शेअर्ड होस्टिंग, सर्व्हरवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) नाही, बजेट शून्य, हातात आठवडा. तिन्हीकडे चालेल असं पॅकेज कोणतं? 'सगळं लाराव्हेलमध्ये आणा' हे सोडून काहीही सांगा.

आर्टिसन_अण्णा
सगळं लाराव्हेलमध्ये आणा. आम्ही आणलं, इनर्शिया (व्ह्यूची पानं सर्व्हरच्या फ्रेमवर्कला जोडणारं पॅकेज) टाकलं, सुखात आहोत. आणि चांगला व्हीपीएस (आपल्यापुरता व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या, काटकसर कुठे करायची ते कळायला हवं.

चहा_बिस्किट
+१ व्हीपीएस.

सिम्फनीवाली_माई
अण्णा, प्रश्न वाचा हो. इनर्शियाच्या टीमचं स्वतःचं अडॅप्टर लाराव्हेलला आहे, सिम्फनीसाठी हौशी लोकांनी केलेलं वापरायचं. लाइव्हवायर हे पॅकेज तर लाराव्हेलच्या बाहेर पाऊलही टाकत नाही. नांदेडकर, तुम्ही वेबपॅक एनकोर (सिम्फनीवाल्यांचं, जेएस-सीएसएसच्या फाइली बांधणारं साधन) घ्या. किंवा सिम्फनीपुरता ॲसेटमॅपर, ६.३ पासून आहे, नोड लागतच नाही.

आर्टिसन_अण्णा
एनकोर म्हणजे वेबपॅकच ना? लाराव्हेलने २०२२ मध्येच वेबपॅकवरचं मिक्स बाजूला ठेवून व्हाइट हे दुसरं बिल्ड साधन घेतलं.

अनुस्वार
अवांतर: 'व्हाइट' नव्हे, Vite हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'चटकन'. उच्चार 'वीट'.

चहा_बिस्किट
मला वेबपॅकचा वीट आला म्हणून विटेवर आलो. तेव्हापासून पांडुरंगासारखा उभाच आहे, बिल्ड काही पुढे सरकत नाही.

जुनं_ते_सोनं
हसून झालं असेल तर कामाचं. या सगळ्या पॅकेजेसचे दोन तुकडे असतात. एनपीएमचा तुकडा फाइली बांधतो, तो कुठेही चालतो. पीएचपीचा तुकडा त्या फाइलींचे टॅग पानात घालतो, आणि तो मात्र आपल्या फ्रेमवर्कला बांधलेला. ॲट-व्हीट डिरेक्टिव्ह लाराव्हेलच्या ब्लेड टेम्पलेटचं, एनकोरची ट्विग टेम्पलेटमधली फंक्शनं सिम्फनीच्या बंडलची. म्हणून पहिला तुकडा एकच ठेवा नि मॅनिफेस्ट (बांधलेल्या फाइलींची यादी) वाचणारं पंधरा ओळींचं फंक्शन तिन्हीकडे स्वतः लिहा.

एक खड्डा सांगतो, मी त्यात पडलोय. व्हीट ५ पासून मॅनिफेस्ट डॉट-व्हीट नावाच्या फोल्डरात जातो. माझा एफटीपी क्लायंट डॉटच्या फाइली दाखवतच नव्हता, त्यामुळे फोल्डर अपलोडच झालं नाही. घरी सगळं छान, तिकडे कोरं पान, रात्रीचा दीड. कॉन्फिगमध्ये मॅनिफेस्टला ट्रू ऐवजी फाइलचं नाव दिलं की तो थेट बिल्ड फोल्डरात पडतो.

सिम्फनीवाली_माई
तेच तर मी म्हणत होते.

जुनं_ते_सोनं
नव्हतात म्हणत. आणि नांदेडकर, फाइल जोडणं सोपं आहे, खरी डोकेदुखी सीएसआरएफ टोकनची (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे पटवणारी गुप्त खूण). लाराव्हेल एक्सएसआरएफ कुकी देतं, ॲक्सिऑस (ब्राउझरमधून विनंती पाठवणारी लायब्ररी) ती आपोआप उचलतं. कोडइग्नायटर ३ मात्र टोकन पोस्टच्या फील्डमध्ये शोधतं, त्यामुळे जेसन पाठवलात की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. शिवाय दर सबमिटला टोकन बदलतं: पहिल्यांदा फॉर्म जातो, दुसऱ्यांदा अडतो. फॉर्मडेटा पाठवा, आणि उत्तरातून नवं टोकन परत द्या.

आर्टिसन_अण्णा
कोडइग्नायटर ३ अजून चालवताय हीच मुळात चूक.

चहा_बिस्किट
+१

नवखा_नांदेडकर
सगळ्यांचे आभार. शेवटी तुमच्यापैकी कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही. मॅनिफेस्टही नको नि हेल्परही नको. व्ह्यूचं कस्टम एलिमेंट (स्वतःचा एचटीएमएल टॅग) केलं, व्हीटच्या लायब्ररी मोडमध्ये एकच जेएस फाइल बांधली, नाव कायमचं ठेवलं. तिन्हीकडे साधा स्क्रिप्ट टॅग, पुढे प्रश्नचिन्ह आणि फाइलएमटाइम (फाइल शेवटी बदलल्याची वेळ, म्हणजे ब्राउझर जुनी प्रत धरून बसत नाही). घरी बांधायची, एफटीपीने चढवायची.

अर्धा दिवस 'प्रोसेस इज नॉट डिफाइन्ड'ने खाल्ला. लायब्ररी मोडमध्ये नोड-एन्व्हची किंमत आपोआप भरली जात नाही, कॉन्फिगच्या डिफाइनमध्ये हाताने 'प्रॉडक्शन' लिहावं लागतं. टोकनचं मात्र सोनंसाहेब म्हणाले तस्संच झालं, दुसऱ्या सबमिटला ४०३.

जुनं_ते_सोनं
फाइलएमटाइम! २०१० सालात स्वागत आहे.

सिम्फनीवाली_माई
चालतंय ना? मग झालं. सिम्फनीच्या साइटवर सीएसएस नीट येतंय का ते तेवढं सांगा. कस्टम एलिमेंटच्या शॅडो डॉममध्ये (पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागात) पानावरच्या बूटस्ट्रॅप सीएसएसचे क्लास पोचत नाहीत.

नवखा_नांदेडकर
माई, आत्ताच उघडून बघितलं. बटणं करड्या रंगाची दिसतायत. 😐