वार्धक्याच्या संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थिनीला वर्षभराचा आधार कसा द्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या विभागातून यंदा एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीला वार्धक्याच्या जीवशास्त्रात संशोधन करायचे आहे. शरीर कशामुळे झिजते, ती झीज लांबवता येते का आणि झिजलेल्या पेशींना काही अंशी पुन्हा तारुण्याकडे नेता येते का, हे तिचे प्रश्न आहेत. तिच्यासाठी विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनी २ लाख ४० हजार रुपये जमवले आहेत. मात्र ते कसे खर्च करावेत याबाबत आमच्यात एकमत होत नाही, आणि त्यातच एक असा प्रस्ताव आला आहे की तो स्वीकारावा की नाकारावा हे मला एकटीला ठरवता येत नाही. या क्षेत्रातील किंवा विद्यार्थी-साहाय्याचा अनुभव असलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी तिच्या कामाविषयी सांगते, कारण त्याशिवाय माझी तळमळ लक्षात येणार नाही.

तिने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सी. एलेगन्स हा सूत्रकृमी निवडला. जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, पूर्ण वाढ झाल्यावर जननपेशी वगळता ९५९ पेशींचा आणि २० अंश सेल्सियसला दोन-तीन आठवडे जगणारा हा जीव आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळेला परवडतो. उंदरांवर हेच काम करायचे तर त्यांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, शिवाय प्राणिगृह आणि नैतिकता समितीची परवानगी हवी. १९९३ मध्ये सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डॅफ-२ या एकाच जनुकात बदल झालेले सूत्रकृमी दुपटीहून अधिक जगतात. हा निष्कर्ष स्वतःच्या हातांनी पडताळून पाहायचा, एवढेच तिने ठरवले होते. पुण्यातील एका संशोधकांनी मूळ वाणाच्या आणि डॅफ-२ वाणाच्या पेट्री डिश आम्हाला विनामूल्य दिल्या, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काम दिसायला सोपे, पण अंगाला फार लागते. एक दिवसाआड प्रत्येक डिश सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची, प्लॅटिनमच्या बारीक तारेने एकेका कृमीच्या डोक्याला हलकेच स्पर्श करायचा आणि तीन वेळा स्पर्श करूनही जो हलत नाही त्याची मृत म्हणून नोंद करायची. जिवंत कृमी पिल्लांपासून वेगळे करून नव्या डिशमध्ये उचलून ठेवायचे. ही तार तिने स्वतःच काचेच्या नळीच्या टोकात, बर्नरच्या ज्योतीवर बसवून घेतली होती.

एप्रिलच्या अखेरीस एका शनिवारी दुपारी वीज गेली, ती रविवारी रात्री आली. रविवारी सकाळी ही मुलगी रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन आली आणि दिवसभर इन्क्युबेटरमध्ये बर्फाच्या पिशव्या बदलत बसली. तरीही आतील थर्मामीटर २८ अंशांपर्यंत चढला आणि आयुर्मान मोजण्यासाठी ठेवलेल्या प्रौढ कृमींची सगळी मालिका टाकून द्यावी लागली. त्याच इन्क्युबेटरमध्ये डॅफ-२ वाणाची लहान पिल्लेही होती. मंगळवारी ती मला बोलावून म्हणाली, "मॅडम, ही मेलेली नाहीत." पाहते तो ती पिल्ले दोऱ्यासारखी बारीक आणि निश्चल झाली होती. उष्णतेमुळे ती डाउअर या सुप्तावस्थेत गेली असावीत, हे तिचे तिनेच ओळखले आणि त्यांना १५ अंशांवर ठेवून पाहिले. काही दिवसांत त्यातील बरीचशी पुन्हा खाऊ लागली. फसलेल्या प्रयोगाकडे असे पाहता येणे शिकवून येत नाही, असे मला सत्तावीस वर्षांच्या अध्यापनानंतर ठामपणे वाटते.

आता अडचण. पीएच.डी.ला प्रवेश मिळून सीएसआयआर-यूजीसीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती सुरू झाली की महिना ३७ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्याही पीएच.डी.साठीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परंतु एम.एस्सी. आणि पीएच.डी. यांच्यामधल्या वर्षाचा वाली कोणी नाही. याच वर्षात नेट या पात्रता परीक्षेची तयारी करायची, अर्ज भरायचे, मुलाखतींसाठी बेंगळुरू-हैदराबादच्या वाऱ्या करायच्या, आणि याच वर्षात घरून "बी.एड. कर" किंवा "स्थळ आले आहे" असे सुरू होते. तिचे वडील डाळिंबाचे बागायतदार आहेत. त्यांच्या बागेत सूत्रकृमींनी मुळांना गाठी आणल्यामुळे ते दर हंगामात औषधांवर पैसे घालतात, म्हणून सुरुवातीला मुलगी सूत्रकृमी पाळते हेच त्यांना पटले नव्हते. आता ते विरोध करत नाहीत, फक्त विचारतात की यात पोट भरेल का. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपण द्यायला हवे, असे मला वाटते.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की, जाहीर समारंभात एकरकमी पारितोषिक द्यावे. काहींना सूक्ष्मदर्शक घेऊन त्यावर देणगीदारांची नावे कोरायची आहेत. एका ज्येष्ठ देणगीदारांनी तर विचारले की अजून शिकणाऱ्या मुलीच्या हातून असे काय संशोधन होणार. त्यांना मी सांगितले की, गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या टेलोमरेझ या विकराचा पहिला स्पष्ट पुरावा १९८४ मध्ये कॅरोल ग्रायडर यांच्या हाती आला, तेव्हा त्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होत्या, आणि त्याच कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. माझे स्वतःचे मत असे की तिला वस्तू नको, वेळ हवा. दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जमा झाली तर घरात तिच्या शब्दाला वजन येईल.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आमच्या भागातील एका आयुर्वेदिक रसायन-चूर्ण (तारुण्य टिकावे म्हणून घेतले जाणारे चूर्ण) विक्रेत्यांनी ५० हजार रुपये देऊ केले आहेत. अट एवढीच की त्यांचे चूर्ण सूत्रकृमींना द्यावे आणि आयुष्य वाढल्यास ते दाखवणारा आलेख त्यांना वेष्टनावर छापता यावा. त्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. तथापि ज्या मुलीने नुकतेच निष्कर्षाची वाट पाहायला शिकले आहे, तिच्या हाती आधीच ठरलेला निष्कर्ष द्यावा का, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

तर माझे विचारणे असे आहे. या २ लाख ४० हजारांची विभागणी आपण कशी केली असती? तिने हे वर्ष आमच्याकडेच काढावे की एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत प्रकल्प-साहाय्यक म्हणून जावे? आणि त्या ५० हजारांचे काय करावे?

प्रतिसाद १

मॅडम, मी सहा वर्षे सी. एलेगन्सवरच काम केले असून त्यापैकी चार वर्षे जर्मनीत कलोनमध्ये होतो. त्या डाउअर पिल्लांचा परिच्छेद वाचून फार आनंद झाला.

चूर्णाच्या प्रस्तावाविषयी आधी लिहितो. वनस्पतीच्या अर्काने कृमीचे आयुष्य वाढलेले दिसणे ही वारंवार घडणारी गोष्ट आहे, आणि त्यामागचे कारण अनेकदा भलतेच असते. कृमीचे अन्न म्हणजे डिशमधले ई. कोलाय जिवाणू. अर्क जिवाणूनाशक असला तर अन्न घटते, कृमी अर्धपोटी राहतो आणि अल्पाहारामुळे जास्त जगतो. अल्पाहाराचा हा परिणाम १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांच्या जातभाईंवर, म्हणजे घुशीएवढ्या प्रयोगशालेय रॅटवर दाखवला होता. त्यामुळे मृत जिवाणूंवर वाढवलेल्या कृमींचा तुलनात्मक गट ठेवल्याशिवाय त्या आलेखाला काही अर्थ नाही. पैसे घ्यायचेच असतील तर लेखी करार करा की निकाल कोणताही आला तरी तो प्रसिद्ध होईल आणि वेष्टनावर महाविद्यालयाचे नाव येणार नाही. डिशवर सांकेतिक अंक दुसऱ्या कोणी लिहावेत आणि मोजणारीला चूर्ण कशात आहे हे शेवटपर्यंत कळू नये. अमेरिकेत राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या चाचणी-कार्यक्रमात एकच पदार्थ तीन ठिकाणी उंदरांना देतात आणि दोन्ही प्रकारचे निकाल छापतात. तिथे रॅपामायसिन हे औषध २००९ मध्ये प्रभावी ठरले, अगदी ६०० दिवसांच्या उंदरांना सुरू करूनही. आणि एवढा गाजावाजा झालेल्या, द्राक्षांत असणाऱ्या रेसव्हेराट्रॉलने आयुष्य वाढले नाही, हेही त्यांनी छापले. विक्रेत्यांना ही अट मान्य नसेल तर नकार द्या.

पैशांविषयी म्हणाल, तर महिना १५ हजार याप्रमाणे १ लाख ८० हजार तिच्या खात्यात आणि उरलेले ६० हजार परीक्षा, प्रवास व विजेसाठी, असे मी करीन. सूत्रकृमी ठरलेल्या तापमानात ठेवण्यासाठी अनेक प्रयोगशाळा वाइन कूलर (वाइनच्या बाटल्या थंड ठेवण्याचे छोटे कपाट) वापरतात. मात्र कॉम्प्रेसरवर चालणाराच घ्या, कारण पेल्टियरवर (कॉम्प्रेसरशिवाय थंड करणाऱ्या विद्युत-चकतीवर) चालणारा तुमच्याकडच्या उन्हाळ्यात २० अंश राखू शकणार नाही.

तिने मात्र वर्षातील निदान सहा महिने बाहेर जावे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत याच कृमीवर वार्धक्याचे काम चालते, आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये दीर्घायुष्यावरील स्वतंत्र उपक्रम सुरू केला आहे. तिथल्या संशोधकांना पत्र लिहिताना गुणपत्रिकेपेक्षा त्या शनिवार-रविवारची हकिकत आधी लिहायला सांगा. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि इतर संस्थांसाठीची जेजीईईबीआयएलएस ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षाही तिने द्यावी. आणि आपण स्वतः तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्तीसाठी अर्ज करा. ती शिक्षकांनाही मिळते.

प्रतिसाद २

मी संख्याशास्त्राचा आहे, त्यामुळे वेगळी सूचना करतो. वीज नसतानाही करता येण्याजोगे वार्धक्य-संशोधन आहे. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. हातांच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग, स्मरणशक्ती असे प्रत्यक्ष मोजलेले तपशील त्यात आहेत आणि संशोधकांना ही माहिती अर्ज केल्यावर मिळते. नेटच्या अभ्यासासोबत तिने यावर 'आर' ही संगणकभाषा शिकली तर जगण्याचे आलेख काढणे, त्यांची तुलना करणे हे सूत्रकृमींच्या कामातही उपयोगी पडेल. मी शनिवारी संध्याकाळी दोन तास शिकवायला तयार आहे, मोबदला नको.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत पहिला प्रतिसाद मी वाचून दाखवला. महिना १५ हजारांचा ठराव संमत झाला, आणि ज्यांना सूक्ष्मदर्शकावर नाव हवे होते त्यांनीच विजेच्या सोयीची जबाबदारी घेतली. विक्रेत्यांना कराराचा मसुदा पाठवला, तेव्हा त्यांनी विचार करून सांगतो असे कळवले. त्यांचे उत्तर येईपर्यंत त्यांच्या पैशांना आम्ही हात लावणार नाही.

संख्याशास्त्राच्या सरांना व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. ती येत्या शनिवारपासून बसेल.

एक विचारणा उरली आहे. सहा महिन्यांसाठी दिल्ली किंवा बेंगळुरूला गेल्यास तिच्या राहण्याची सुरक्षित आणि परवडणारी सोय कुठे होऊ शकेल? तिच्या आईचा आता एवढाच प्रश्न आहे. तिथे राहणाऱ्या सदस्यांनी कृपया कळवावे.