मदत हवी आहे : पाणी समितीत नाव आहे, पण बैठकीला बोलावत नाहीत

वेचणीवाली : आमच्या दर्यापूर तालुक्यातील गावात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते, तेही सकाळी दहाला, बाया कपाशीच्या वेचणीला गेलेल्या असताना. माझी सातवीतली मुलगी पाण्याचे गुंड भरण्यासाठी त्या दिवशी शाळा बुडवते. मी समितीत आहे, पण बैठक कधी झाली ते कळत नाही. रजिस्टर सहीसाठी घरी येते. या वेळी सही नाकारली, तर माझ्या नवऱ्याकडे तक्रार गेली. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत काय मांडावे, ते लवकर सांगा.

पूर्णाकाठ : कोणती समिती? आपण ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या आहात का?

वेचणीवाली : ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. निवडून आलेली नाही; माझे नाव बचत गटातून घेतले होते.

पूर्णाकाठ : जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या समितीत निम्म्या महिला असायला हव्यात, आणि त्या केवळ सहीपुरत्या नाहीत. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. वेळेचा ठराव तिथे लिहून घ्या आणि तोच ग्रामसभेपुढे ठेवा.

जुना सरपंच : ताई, कागदाने वैर वाढते. आमच्या गावी बचत गटाच्या चार जणी पाणी सोडणाऱ्या वॉलमनकडे गेल्या आणि आठवड्यात वेळ बदलली.

पूर्णाकाठ : दादा, वॉलमन बदलला की ती वेळही बदलेल, ठराव मात्र नोंदीत राहतो.

हरभरा : आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखाली खारे पाणी असलेल्या भागात, बोअरचे पाणी पिण्यासाठी मुळीच वापरू नका. आम्ही घरी फिल्टर बसवला आहे. त्याची माहिती देऊ का?

वेचणीवाली : भाऊ, पिण्याचे पाणी शहानूर धरणाचेच येते. माझा प्रश्न वेळेचा आहे; ते पहाटे, बाया घरी असताना यायला हवे.

जुना सरपंच : मग टाकी केव्हा भरते, हे आधी सांगायला हवे होते. ती दिवसा भरत असेल, तर पहाटेची मागणी सभेत टिकणार नाही.

वेचणीवाली : आत्ताच शेजारच्या काकूंना विचारले, त्यांचे घर टाकीला लागूनच आहे. टाकी रात्री भरते आणि सकाळपर्यंत भरलेलीच असते. म्हणजे पहाटे साडेपाचला पाणी सोडता येईल. उद्या ग्रामसेवकांना महिला सभेची तारीख विचारते, आणि बैठकीची सूचना मला लेखी मिळावी, असा अर्जही देते. त्या अर्जाची पोच घ्यावी लागते का?

पूर्णाकाठ : हो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या, आणि ती प्रत स्वतःजवळ ठेवा.