मदत हवी आहे: लेकीला गहू चालत नाही, फर्स्ट कम्युनियन कसं करायचं?

कोल्हापुरी_आई:
नमस्कार मंडळी. इथं ख्रिस्ती सभासद थोडेच आहेत हे माहीत आहे, तरी विचारते. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

लेक नऊ वर्षांची, तिसरीत. दोन वर्षांपूर्वी तिला सिलियाक निघाला. म्हणजे गहू, जव, राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. ॲलर्जीसारखी गोळी घेऊन भागत नाही, आयुष्यभर वर्ज्य. घरातून कणकेचा डबाच हद्दपार केला. ज्वारी, तांदूळ, नाचणी लक्ष्मीपुरीतून आणते आणि निवडून वेगळ्या गिरणीत दळते. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं हे मला चाळिशीत कळलं. बाकी पोरगी तांबडा-पांढरा भाकरीशी ओरपते, त्यामुळं माझं निम्मं ओझं कोल्हापूरनंच उचललंय.

तर ईस्टरनंतर तिचं फर्स्ट कम्युनियन आहे, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर-रक्त मानलेली भाकर किंवा द्राक्षारस पहिल्यांदा घेण्याचा विधी. आमच्याकडं मिस्सामध्ये (चर्चमधली मुख्य उपासना) लोकांना फक्त ओस्ती देतात, ती पांढरी पातळ चकती. ती शुद्ध गव्हाची. धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगायला गेले तर उत्तर मिळालं, "एवढीशी तर असते, श्रद्धा ठेवा, काही होत नाही." गेल्या वर्षी वाढदिवसाच्या केकचा एक चमचा खाऊन ती तीन दिवस पोट धरून पडली होती. तेव्हा श्रद्धा माझी कमी नव्हती.

माझे प्रश्न: १) तिला नुसता द्राक्षारस मिळू शकतो का? २) तसं घेतलं तर ते अर्धं कम्युनियन होतं का? ३) तांदळाची ओस्ती करून देता येते का?

आणखी एक गुंता. माझं माहेर प्रोटेस्टंट, लग्नानंतर मी कॅथलिक झाले (सासर आजऱ्याचं). आई म्हणते, "आमच्यात बघ, प्रभुभोजनाला लहान लहान पेल्यांतून सगळ्यांना देतात. तुमच्यात प्याला फादर एकटेच पितात, आता भोगा."

खवय्या_४१६:
ज्वारीच्या भाकरीचा तुकडा द्या की ताई. देवाला काय फरक पडतोय?

कोल्हापुरी_आई:
दादा, अगदी हाच प्रश्न लेकीनं मला विचारला. मला उत्तर देता आलं नाही.

वसईचा_पाव्हणा:
ताई, घाबरू नका. वाट आहे, आणि ती मागच्या दारानं नाही.

आधी तुमचा तिसरा प्रश्न. तांदळाची, ज्वारीची, नाचणीची ओस्ती चालत नाही. कॅनन लॉचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, ९२४वा नियम भाकर गव्हाचीच आणि द्राक्षारस द्राक्षाचाच असं बजावतो. येशूनं शेवटच्या भोजनाला जे हातात घेतलं तेच घ्यायचं, बदलायचा हक्क आपल्याला नाही, अशी भूमिका आहे. ग्लूटेन पूर्ण काढलेल्या ओस्तीनं तर संस्कारच होत नाही. रोमनं हे २४ जुलै २००३च्या पत्रात लिहिलं आणि १५ जून २०१७च्या पत्रात पुन्हा सांगितलं. कमी ग्लूटेनची ओस्ती मात्र चालते, भाकर म्हणता येण्याइतकं ग्लूटेन तिच्यात उरलं पाहिजे. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या बेनेडिक्टाईन सिस्टर्स तशा बनवतात, ग्लूटेन ०.०१ टक्क्याहून कमी. तिच्यासाठी बिशपांची परवानगी लागते. कोल्हापूर सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतं, २००५मध्ये पुण्यापासून वेगळा झाला तो. म्हणजे अर्ज सावंतवाडीला.

आता पहिला प्रश्न. लगेचचा ९२५वा नियम: ख्रिस्तशरीर भाकरीच्या रूपात द्यावं, किंवा विधीच्या नियमांनुसार दोन्ही रूपांत, आणि गरज पडली तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही. तुमच्या लेकीची गरज याहून स्पष्ट काय असणार? फादरांना हा आकडा सांगा: नऊशे पंचवीस.

शाहूपुरीकर:
हलकेच घ्या, पण आजींचा मुद्दा सोडू नका. प्रभूनं प्याला हातात घेऊन सगळ्यांनी यातून प्या असं सांगितलं, मत्तय २६ उघडून बघा. 'पाळकांनी प्या' असं तिथं नाही. कोल्हापुरात १८५२ला मिशनरी वायल्डरसाहेब आले तेव्हापासून आमच्या मंडळ्या हेच करत आल्यात. आणि प्याला मागितला म्हणून बोहेमियातल्या यान हुस या धर्मसुधारकाला जाळलं होतं, तेही आठवत असेल.

वसईचा_पाव्हणा:
हुसला जाळण्यामागं प्याल्यापेक्षा बरंच काही होतं. प्राग शहरात लोकांना प्याला द्यायला सुरुवात १४१४मध्ये त्याच्या साथीदारांनी केली, हुसनं तुरुंगातून त्याला पाठिंबा दिला. कॉन्स्टन्सच्या परिषदेनं (चर्चच्या बिशपांची मोठी सभा) १५ जून १४१५ला लोकांना प्याला देण्यावर बंदी घातली आणि ६ जुलैला हुसला जाळलं. (तारीख बघा. ग्लूटेनचं दुसरं पत्रही १५ जूनचंच, सहाशे दोन वर्षांनी.) पुढं त्याच्या अनुयायांनी झेंड्यावर प्यालाच काढला. पहिली बारा शतकं आमच्यातही लोक प्याल्यातून घेत होते, मग सांडण्याच्या भीतीनं ते हळूहळू मागं पडलं, हे मी नाकारत नाही. १९६३मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं दार पुन्हा किलकिलं केलं. आता कुठं किती द्यायचं ते बिशप ठरवतात. आपल्याकडं मोठ्या सणाला किंवा लग्नात फादर ओस्ती द्राक्षारसात बुडवून जिभेवर ठेवतात, तेही दोन्ही रूपांतलंच.

ताई, ते बुडवून देणं तुमच्या कामाचं नाही. त्यात गहू आलाच.

जुनापुराणा:
वादात पडत नाही, एक विचारतो. नुसत्या द्राक्षारसानं भागत असेल तर परिषदेनं नुसत्या भाकरीवर एवढा जोर का दिला?

वसईचा_पाव्हणा:
खरी गाठ इथंच आहे. प्याला काढला तेव्हा सबब ही दिली होती की कुठल्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो, शरीर आणि रक्त वेगळं काढता येत नाही. भाकरीत रक्तही आलं, मग लोकांचं काही कमी पडत नाही. ट्रेंटच्या परिषदेनं १६ जुलै १५६२ला हेच पुन्हा ठासून सांगितलं. शाहूपुरीकरांसारख्यांना ही पळवाट वाटते, वाटू दे. पण तेच वाक्य उलटं करून बघा. द्राक्षारसातही शरीर आलं. ज्या तर्कानं तुमच्या सासरच्यांच्या खापरपणजोबांचा प्याला गेला, त्याच तर्कानं तुमच्या लेकीला एका घोटात सगळं मिळतं.

हे काही सोयीसाठी काल शोधलेलं नाही. प्राचीन काळी तान्ह्या बाळांना आणि गिळता न येणाऱ्या आजाऱ्यांना द्राक्षारसाचेच थेंब देत.

शाहूपुरीकर:
हे बरं आहे, आधी घ्यायचं आणि मग त्याच कागदावर परत करायचं. पण पोरीसाठी मान्य. ताई, नाहीच जमलं तर आमच्याकडं या, पेला तयार आहे.

सांगलीची_सुगरण:
मी ख्रिस्ती नाही, पण माझा मुलगा सिलियाकचा आहे म्हणून लिहिते. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. दर पूजेला कुणीतरी म्हणतंच, "प्रसाद आहे हो, प्रसादानं काही होत नाही." आता मी तांदळाच्या रव्याचा शिरा करून डबीत घेऊन जाते आणि गुरुजींना नैवेद्यात तीच डबी ठेवायला लावते. तुमच्यात तो मार्ग बंद दिसतोय.

मला काळजी प्याल्याचीच वाटते. फादरांनी आधी ओस्ती खाल्लेली असेल आणि मग त्याच प्याल्याला तोंड लावलं असेल तर? कडेला कण राहणारच. आमच्याकडं पोळीच्या हाताचा चमचा भाजीत गेला तरी ती भाजी बाद.

वसईचा_पाव्हणा:
सुगरणताई, साष्टांग दंडवत. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि तुम्ही म्हणता त्याहून वाईट आहे. 'देवाच्या कोकरा' चालू असताना फादर ओस्ती मोडतात आणि तिचा एक तुकडा मुद्दाम प्याल्यात टाकतात. विधीच आहे तो. म्हणजे मुख्य प्याल्यात गहू असतोच असतो.

म्हणून ताई, वेगळा छोटा प्याला मागा. मिस्साच्या आधी साक्रिस्तीत (वेदीमागची तयारीची खोली) भरून, झाकून, पहिल्यापासून वेदीवर बाजूला ठेवायचा. अभिषेक, म्हणजे द्राक्षारस पवित्र करण्याची प्रार्थना, दोन्ही प्याल्यांवर एकदमच होतो. त्यात तुकडा टाकायचा नाही, आणि ओस्ती वाटलेल्या बोटांनी त्याचं झाकण काढायचं नाही. लेकीला रांगेत पहिली उभी करा.

सांगलीची_सुगरण:
आणि पुसायचं फडकं वेगळं. फडकं सगळे विसरतात.

खवय्या_४१६:
नऊ वर्षांच्या पोरीला वाईन? घरी हे मान्य आहे?

वसईचा_पाव्हणा:
ओठ ओले होतील इतकीच असते, त्यातही थेंबभर पाणी घातलेलं. अगदीच नको असेल तर मुस्तुम म्हणून प्रकार आहे. ताज्या द्राक्षाचा रस, आंबणं थांबवलेला पण मूळ गुण न बदललेला. दुकानातल्या साखरेच्या ज्यूसच्या बाटल्या नाहीत बरं का. त्यालाही बिशपांची परवानगी लागते.

कमी ग्लूटेनच्या ओस्तीचं म्हणाल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चकती पाव ग्रॅमची धरली तर ०.०१ टक्क्यानं ग्लूटेन २५ मायक्रोग्रॅम भरतं. आकडा लहान दिसतो, पण निर्णय त्यांचा.

कोल्हापुरी_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी फादरांना भेटले. वर्गातल्या त्या उत्तराबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, वाईट वाटलं त्यांना. ९२५ म्हटल्याबरोबर उठून पुस्तक काढलं, वाचलं आणि म्हणाले, "मलाच आधी सुचायला हवं होतं." वेगळा प्याला, पहिला नंबर, वेगळं फडकं, सगळं कबूल. डॉक्टरांनी ओस्तीला, कमी ग्लूटेनच्यासुद्धा, नाही म्हटलंय. त्यामुळं सावंतवाडीला अर्ज नको.

सरावाला म्हणून लेकीला साधा, अभिषेक न झालेला द्राक्षारस चमचाभर चाखवला. तोंड वेंगाडून म्हणाली, "काढा आहे का हा?" मग थोड्या वेळानं, "पण आजीकडच्यासारखं मला पण पेल्यातून मिळणार ना?" आई समोरच बसली होती. तिच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही.

आता नवी अडचण. चर्चमध्ये दुसरा लहान प्याला नाही. मी काचेचा नेते म्हटलं तर फादर नको म्हणाले, फुटणारं पात्र चालत नाही. हे ऐकून आईनं ट्रंकेतून चांदीचा छोटा पेला काढला. हुपरीचा, तिच्या लग्नातला, कधीच न वापरलेला. दोन घोट मावतील एवढाच. फादर खूश झाले, पण आतून सोन्याचा मुलामा हवा म्हणाले, आणि एकदा आशीर्वादित झाला की वेदीसाठीच राहील, घरी परत दुधाला नाही. आई म्हणाली, "राहू दे. निदान एक पेला तरी तुमच्यात लोकांपर्यंत पोचेल."

हुपरीत किंवा गुजरीत एवढं लहान काम कुणी करतं का?

शाहूपुरीकर:
आजींना माझा नमस्कार सांगा. गुजरीत एका पेल्यासाठी ताटकळत ठेवतील. हुपरीला सरळ कारागिराकडं जा, समोर बसून करून घ्या. आणि नंतर साबणानं घासू नका, मुलामा जातो.

सांगलीची_सुगरण:
मुलामा दिल्यावर घरी आणून कणकेच्या ओट्यावर ठेवू नका म्हणणार होते, पण तुमच्याकडं कणीकच नाही. :)

कोल्हापुरी_आई:
आज हुपरीला जाऊन आले. कारागीर पेला उलटसुलट करून म्हणाला, "उष्टावणाचा का, वहिनी? बाळ केवढं आहे?" नऊ वर्षांचं आहे म्हटलं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. १४१५पासून सांगायला बसले असते तर एसटी चुकली असती, म्हणून हो म्हटलं. शुक्रवारी मिळेल.