लेकरांना किमी-मीटर, किलो-ग्रॅम कसं शिकवलं? अनुभव लिहा

दुधनाकाठ
काल भाचीचा अभ्यास घेत होते, चौथीला आहे. 3 किमी 75 मी म्हणजे किती मीटर, तर लिहिलं 375. अन् एकदम आमचे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आठवले. त्यांनी अख्खा वर्ग सुतळी घेऊन रस्त्यावर काढला होता, शंभर मीटर झाले की एक दगड ठेवायचा, दहावा दगड ठेवला तेव्हा आम्ही पार मारुतीच्या देवळापुढं गेलो होतो. 75 मीटर म्हणजे पहिला दगडसुद्धा आला नाही हे तेव्हापासून डोळ्यापुढं आहे. आता रस्त्यावर गाड्या लई, तसं नेता येत नाही. तुम्ही कसं शिकवता?

खडूफळा
375 वाली लेकरं दरवर्षी असतात ताई. मी वहीत सात घरं आखून देते, किमी हेमी डेकामी मी डेसीमी सेमी मिमी. 3 किमीच्या घरात, 7 डेकामीच्या, 5 मीटरच्या. हेमीचं घर रिकामं दिसलं की शून्य लेकरूच भरतं, 3075. पण नुसतं पाठ करून घेतलं तर गुणायचं का भागायचं यात अडकतात, म्हणून आधी विचारते, घागर तांब्यानं भरली तर जास्त खेपा का ग्लासानं? लहान माप, मोठा आकडा. हे पटलं की मग ही सात घरांची शिडी.

काळीमाती
पोराला मोंढ्यात नेलतो सोयाबीन घालायला, पावतीवर 14.60 क्विंटल. तितंच म्हणलं पप्पा 1460 किलो झालं का. घरी पुस्तक काढलं की रडायलंय अन् तितं बरोबर. मग हमालमामानं विचारलं 14 क्विंटल 6 किलो कसं लिवशील, तर थांबला जरा अन् म्हणला 14.06. लई बरं वाटलं

तूरडाळ
भाव काय लागला दादा?

काळीमाती
ओल निघाली, कमीच लागला

सातबारा
आमच्या घरी आजोबा एकर-गुंठ्यात बोलतात अन् उताऱ्यावर हेक्टर-आर. मुलीनं विचारलं 0.81 हेक्टर म्हणजे किती, म्हणलं जवळपास 2 एकर, मग 40 गुंठ्यांचा एकर, 33 बाय 33 फुटाचा गुंठा, सगळं निघालं. अंगणात टेप लावून गुंठा आखला तर म्हणती एवढा मोठा असतो! पण खरी अडचण चौरसाची. 1 मीटर म्हणजे 100 सेमी तर 1 चौमी म्हणजे 100 चौसेमीच असणार असं लेकरांना वाटतं अन् ते वाटणं साहजिक आहे. फरशीवर खडूनं मीटरचा चौकोन काढा, आत 10-10 सेमीचे चौकोन पाडा, शंभर होतात, अन् त्या एकेकात परत शंभर चौसेमी. 10,000 स्वतः मोजून आलं की विसरत नाहीत.

येळवस
आजीकडं धान्य मोजायची पायली, अधुली (अर्धी पायली) अजून आहे. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेरांची पायली. लेकराला ज्वारी अन् लाह्या एकाच मापट्यानं मोजायला लावल्या, नंतर काट्यावर ठेवल्या. लिटर अन् किलो वेगळे का ते तिथंच कळलं

तूरडाळ
येळवस नाव वाचून वेळ अमावस्येची अंबील आठवली माय 😋 यंदा वावरात कोण कोण जाणार

येळवस
आम्ही सगळे, या की

खडूफळा
पाण्यावरून पण छान होतं. 1 चौमीवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. आमच्या वर्गाचं छत 20 चौमी धरलं अन् अतिवृष्टीचा 65 मिमी, तर 1300 लिटर! लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत साधारण 5 लाख लिटर. 20 लिटरचे जार किती, विचारलं की सगळे वह्या उघडतात. 25,000. ही लेकरं त्यानंतर जन्मलेली, घरी जाऊन आजीला विचारतात खरंच का.

पाचवीची_आई
शिष्यवृत्तीवाल्यांनो, 24 कागद दस्ता, 20 दस्ते रीम म्हणजे 480. दुकानातल्या रीमवर 500 लिहिलेलं बघून आमचा गोंधळला, त्याला सांगितलं परीक्षेत 480च

लालपरी
वेळेचं कुणी लिहिलंच नाही. 1 तास 45 मिनिटं म्हणजे 145 मिनिटं लिहितात, दहा-शंभरची सवय लागलेली असते. मी म्हणते आधी तासाची 60 बाजूला काढ, मग 45 मिळव, 105. अन् दीड, अडीच, पावणेदोन तोंडी पक्कं करून घ्या. पावणेदोन किलो म्हणलं की 1750 यायला पाहिजे, दुकानात रोज ऐकतंयच की लेकरू

पाचवीची_आई
मिलीसाठी औषधाच्या बाटलीचं झाकण द्या, 5 अन् 10 च्या रेघा असतात. आमच्यानं 100 मिलीची बाटली बघून स्वतःच सांगितलं, 5 मिलीचे वीस डोस. अन् औषध त्या मापानंच द्या, घरातला चमचा नको, लहान-मोठे असतात. बाकीचं नंतर लिहिते, दवाखान्यात आहे, नंबर आला