एफवायला आहे, वर्गात कोणाशी बोलणंच होत नाही. काय करू?

रानवाट:
नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यातून यंदा पुण्यात बी.एस्सी.ला आले. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी होती, पण सर शिकवायचे मराठीतच. इथे पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं राहून ओळख करून द्यायला सांगितली. मी नाव सांगितलं आणि बसले. त्याला आता दोन महिने होऊन गेले, तरी वर्गात माझं बोलणं ‘प्रेझेंट सर’ एवढंच. मेसमध्ये गर्दी नको म्हणून सव्वानऊला जाते, तोवर पोळ्या गार झालेल्या असतात. आईला फोनवर सांगते की मैत्रिणी झाल्यात. पुढच्या महिन्यात पाच मिनिटांचा सेमिनार आहे, तोही इंग्रजीत. ‘बिनधास्त बोल’ असं सगळेच सांगतात. त्याशिवाय काही असेल तर सांगा.

गोदाकाठ:
ताई, मीही नांदेडहून असाच आलो होतो. माझं ऐकशील तर एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला नाव दे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आता नव्या अभ्यासक्रमात त्याचं क्रेडिटही मिळतं, पण मी सांगतोय ते क्रेडिटसाठी नाही. आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं आणि रांगेत उभं राहून हातोहात पुढे द्यायची. रांगेत बोलायला विषय शोधावा लागत नाही. ‘धर’, ‘सोड’, ‘जड आहे, सांभाळ’ एवढंच. तिसऱ्या दिवशी शेजारच्याला माझं गाव माहीत होतं आणि मला त्याचं. शहरातल्या पोरांना फावडं धरता येत नव्हतं, ते मी दाखवलं. कॉलेजात मी कोणाला काही शिकवलं, असं ते पहिल्यांदाच घडलं. तू खेड्यातली आहेस, तुलाही तिथे पुष्कळ येत असेल.

खडूफळा:
मी वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते, म्हणून दोनच गोष्टी सांगते.

प्रॅक्टिकलची जोडी रोल नंबरने लागते, तिथून सुरुवात कर. टायट्रेशन करताना एकीने ब्युरेट बघायची, दुसरीने रीडिंग लिहायचं. फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग टिकला की गेला, हे दोघींनी मिळून ठरवावं लागतं. जर्नल पूर्ण करायला तिला तुझी गरज असते, तुला तिची. माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी मैत्र्या जर्नलवरूनच जुळलेल्या मी पाहिल्यात.

सेमिनारचं म्हणशील तर पहिली दोन वाक्यं तोंडपाठ कर आणि तिसऱ्याला फळ्याकडे वळून आकृती काढायला घे. हात लिहीत असतो तेव्हा वर्ग तुझ्याकडे नाही, फळ्याकडे बघतो. आदल्या आठवड्यात तुझ्या मॅडमना कागदावर मुद्दे दाखवून ये. गप्प मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली की आम्हाला बरं वाटतं बाळा, त्रास होत नाही. इंग्रजी अडलं तर एखादं वाक्य मराठीत बोल. त्यासाठी मार्क कापले जातील अशी भीती वाटत असेल, तर तेही आधीच विचारून घे.

विंगेतून:
एनएसएस चांगलंच आहे, पण सगळीकडे नावं देऊ नकोस. मी पहिल्या वर्षी चार ठिकाणी गेले आणि दिवाळीपर्यंत पार थकले. मग एकांकिकेच्या बॅकस्टेजला टिकले. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. त्याच्या तालमींना नटांइतकीच सामान सांभाळणारी, प्रॉम्प्टिंग करणारी माणसं लागतात. रोज संध्याकाळी तेच दहा-बारा चेहरे. बोललं नाही तरी आपली जागा ठरलेली असते, न गेलं तर ‘आज कुठे होतीस?’ असं विचारणारं कोणीतरी असतं. मला तेवढंच हवं होतं.

सायसाखर:
मला त्या सव्वानऊच्या जेवणाची जास्त काळजी वाटते. कोणी चिडवतं का, की तुझं तुलाच नको वाटतं? होस्टेलवर त्रास देत असतील तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. आणि झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. चोवीस तास असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि आईला खरं सांग गं. तिला वाईट वाटेल, पण तुझ्या मनावरचं ओझं हलकं होईल.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. नाही, कोणी चिडवत नाही. ताट घेऊन कुठे बसायचं हेच कळत नाही, म्हणून उशिरा जाते. काल खोलीतल्या मुलीला विचारलं, ‘आठला जाऊया का?’ ती म्हणाली, ‘मला वाटलं तुला एकटीलाच जेवायला आवडतं.’ दोन महिने ती असं समजत होती! पोळी गरम होती. आईला अजून सांगितलं नाही, रविवारी सांगेन.

एनएसएसचा फॉर्म आणलाय. गोदाकाठ दादा, शिबिराला पांघरूण आपलं न्यायचं का?

गोदाकाठ:
हो, आपलंच. ताट-वाटी पण ने. आम्ही शाळेच्या खोल्यांत झोपायचो. डिसेंबरात फरशी फार गार लागते, म्हणून खाली टाकायला जाड सतरंजी घे. मुलींच्या खोल्या वेगळ्या असतात आणि सोबत मॅडम असतात, हेही घरी सांगून ठेव.