हेलो साइन : प्रभामंडल की खळे?

प्रश्न

फुफ्फुसातल्या बुरशीच्या संसर्गाबद्दल रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठीत माहितीपत्रक करते आहे. सीटी स्कॅनच्या अहवालातले हेलो साइन, ग्राउंड ग्लास, एअर क्रेसेंट आणि फंगस बॉल हे शब्द अडले आहेत. कोशात हेलोला ‘प्रभामंडल’ मिळालं आणि साइनला ‘लक्षण’. ‘प्रभामंडल लक्षण’ वाचून देवाची तसबीर डोळ्यांपुढे येते, आजार नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद (भाषेचा अभ्यासक)

ताई, आधी ‘लक्षण’ काढा. लक्षण रुग्णाला जाणवतं: खोकला, ताप, छातीत दुखणं. साइन म्हणजे तपासणाऱ्याला जे दिसतं ते, म्हणून ‘चिन्ह’, किंवा सरळ ‘खूण’. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना रुग्णाला कधी कधी नुसता न हटणारा ताप असतो आणि स्कॅनमध्ये मात्र खूण उमटलेली असते. त्यामुळे हा नुसता शब्दांचा कीस नाही.

हेलोला आपल्याकडे तयार शब्द आहे: खळे. चंद्राला पडतं तेच.

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट)

खळे मला पटतं, आणि ते नुसत्या आकारासाठी नाही. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे तंतू रक्तवाहिनीत घुसतात आणि ती बंद पाडतात. फुफ्फुसाचा पुढचा तुकडा मरतो, तो स्कॅनवर मधोमध घट्ट पांढरी गाठ म्हणून दिसतो. तिच्याभोवतीच्या वायुकोशांत रक्त झिरपतं, त्याचं धूसर कडं दिसतं. म्हणजे आपण ज्याला ‘प्रभा’ म्हणायला निघालो तो रक्तस्राव आहे. खळं निदान धूसर तरी असतं.

दोन गोष्टी पत्रकात जरूर घाला. पहिली, हे खळं टिकत नाही. आजाराच्या सुरुवातीला बहुतेकांत दिसतं आणि आठवडाभरात बऱ्याच जणांत पुसट होतं किंवा जातं. म्हणून अशा रुग्णांचा पातळ छेदांचा सीटी लवकर करतात. साध्या एक्स-रेवर सुरुवातीला बरेचदा काही कळत नाही. दुसरी, औषध लागू पडत असतानाही पहिल्या आठवड्यात डाग मोठे होऊ शकतात. दुसरा स्कॅन पाहून नातेवाईक हादरतात, त्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि खळं फक्त अ‍ॅस्परजिलसचं नसतं. म्यूकर या दुसऱ्या बुरशीच्या संसर्गात दिसतं, रक्तस्राव होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींभोवतीही दिसतं.

प्रश्नकर्ती

‘गाठ’ म्हटलं की लोक थेट कॅन्सरवर जातात. नॉड्यूलच ठेवू का?

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट)

‘गोल डाग’ म्हणा. वरती मीही गाठ लिहून गेलो, ते दवाखान्यातल्या सवयीने.

प्रतिसाद (भाषांतरकार)

ग्राउंड ग्लासला ‘दुधी काच’ छान बसतो. इथे ग्राउंडचा अर्थ घासलेली, वाटलेली. एका भाषांतरात ‘जमिनीवरची काच’ वाचली आहे, तेव्हापासून हा शब्द दिसला की मी सावध होतो.

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट)

दुधी काच उत्तम, कारण व्याख्याच तिच्यात आहे. धूसर भागातून आतल्या रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत असतील तर ती दुधी काच. रेषा बुडाल्या की ते कन्सॉलिडेशन. त्याला ‘घट्ट झालेला भाग’ पुरे. न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियात दोन्ही फुफ्फुसांत पसरलेली दुधी काच हेच मुख्य चित्र असतं.

आता क्रेसेंट. इथे जरा थांबायला हवं, कारण ‘हवेची चंद्रकोर’ दोन वेगळ्या प्रसंगी दिसते.

पहिला प्रसंग वर सांगितलेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचा. त्याच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या की मेलेला तुकडा आक्रसून भोवतीच्या फुफ्फुसापासून सुटतो आणि मधल्या फटीत हवा शिरते. ही कोर साधारण दोन-तीन आठवड्यांनी उगवते. ती प्रतिकारशक्ती परत येत असल्याची, म्हणजे बहुधा चांगली खूण. तिच्या आत जो गोळा वाटतो तो मेलेल्या फुफ्फुसाचा असतो.

दुसरा प्रसंग जुन्या क्षयाने पडलेल्या पोकळीचा. तीत बुरशीचे तंतू, श्लेष्म आणि मृत पेशी यांचा गोळा साठतो. हा खरा फंगस बॉल. त्याच्या कडेलाही चंद्रकोरच दिसते, पण तिचा बरं होण्याशी संबंध नाही. रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन केला तर सुटा गोळा पोकळीत घरंगळून खालच्या बाजूला गेलेला दिसतो. इथे धोका खोकल्यातून रक्त पडण्याचा, कधी फार मोठ्या प्रमाणात. काही लेखक दुसरीला ‘मोनॉड (Monod) साइन’ असं वेगळं नाव देतात. पत्रकात पहिलीला ‘हवेची चंद्रकोर’ आणि दुसरीला ‘पोकळीतला बुरशीचा गोळा’ म्हणा, म्हणजे घोळ टळेल.

प्रतिसाद (भाषांतरकार)

फंगस बॉलला ‘मायसेटोमा’ही म्हणतात ना?

प्रतिसाद (भाषेचा अभ्यासक)

म्हणतात, पण आपण टाळावं. मायसेटोमा हा मूळचा पायाचा रोग, मदुरा फूट, नाव मदुराईवरून. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी मुंबईत त्याचा अभ्यास करून 1874 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रं काढणारे तेच कार्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीतला मायसेटोमाही हाच. फुफ्फुसातल्या गोळ्याला ‘अ‍ॅस्परजिलोमा’ म्हटलं की गोंधळ उरत नाही.

प्रश्नकर्ती

एका अहवालात ‘रिव्हर्स हेलो’ आहे. ‘उलटे खळे’ चालेल?

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट)

चालेल. आत दुधी काच, बाहेर घट्ट कडं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात हे दिसलं की म्यूकरचा विचार आधी करतात, आणि तो करायलाच हवा, कारण अ‍ॅस्परजिलससाठी सर्रास दिलं जाणारं व्होरिकोनाझोल हे औषध म्यूकरवर चालत नाही. पण उलटं खळं क्षयातही दिसतं आणि जंतू नसलेल्या एका प्रकारच्या न्यूमोनियातही. त्या न्यूमोनियात त्याला अ‍ॅटॉलची उपमा दिली होती, भूगोलातलं कंकणद्वीप.

प्रतिसाद (भाषेचा अभ्यासक)

म्यूकरला ‘काळी बुरशी’ लिहू नका. 2021 मध्ये तो शब्द घरोघरी पोचला खरा, पण काळी पडते ती मेलेली ऊती, बुरशी नव्हे.

प्रश्नकर्ती

आभार. असं वाक्य केलंय: ‘स्कॅनमध्ये खळे दिसल्यास बुरशीच्या संसर्गाचे निदान होते.’

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट)

‘निदान होते’ नको. संशोधनासाठी ठरवलेल्या निकषांत तीन पायऱ्या आहेत: पॉसिबल, प्रॉबेबल, प्रूव्हन. मराठीत शक्य, संभाव्य, सिद्ध. जोखमीचा रुग्ण आणि स्कॅनवरची खूण एवढ्यावर ‘शक्य’पर्यंतच जाता येतं. रक्तात किंवा फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला पदार्थ) सापडलं, अथवा त्या द्रवातून बुरशी वाढली, की ‘संभाव्य’. ‘सिद्ध’साठी साधारणपणे ऊतीत घुसलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसावे लागतात. उपचार मात्र पुष्कळदा पहिल्याच पायरीवर सुरू करतात, कारण वाट पाहणं परवडत नाही.

असं करा: ‘स्कॅनमध्ये खळे (हेलो) दिसल्यास बुरशीच्या संसर्गाचा संशय बळावतो; खात्रीसाठी पुढील तपासण्या करतात, आणि औषध त्याआधीच सुरू होऊ शकते.’ कंसातला हेलो राहू द्या, अहवालात तोच शब्द असणार.