झडप पुन्हा पुन्हा उतरतेय: काचेभोवतीचे प्लॅस्टिकचे तुकडे नेमके कुठे घालायचे?

प्राची_ठाणे

नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रस्त्याला लागून राहतो. गाड्यांच्या आवाजाला वैतागून यूपीव्हीसीच्या खिडक्या करून घेतल्या. काच डबल आहे: 5 मिमी काच, 12 मिमी पोकळी, परत 5 मिमी काच. बेडरूमची झडप कडेच्या फ्रिक्शन स्टेवर (बिजागरीचं काम करणारी सरकती धातूची पट्टी) बाहेर उघडते. तिचं माप 700 बाय 1350 मिमी.

पहिला पावसाळा बरा गेला. आता हँडलकडचा खालचा कोपरा चौकटीला घासतो आणि बंद करताना झडप हाताने उचलून धरावी लागते. ज्याने बसवली तो येऊन स्क्रू पिळून गेला, "आता काही प्रॉब्लेम नाही मॅडम" म्हणाला. थोडे दिवस ठीक, मग परत तेच.

भाच्याने आतून खालची बीडिंग पट्टी (काच धरून ठेवणारी) काढली तर काचेखाली घडी घातलेला पुठ्ठा आणि रबराचा एक तुकडा! पुठ्ठा ओला होऊन पापडासारखा झाला होता. हार्डवेअरवाल्याने आता रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं पाकीट दिलंय, पॅकर म्हणाला. लाल, निळे, हिरवे, पांढरे, सगळे बोटभर लांब. हे फक्त खाली घालायचे की चारी बाजूंनी? रंगाप्रमाणे जागा ठरते का? आणि हे काम घरी करण्यासारखं आहे का?

नाना_डोंबिवली

ताई, एवढं डोकं कशाला लावता? पुठ्ठा काढा, खालच्या फटीत सिलिकॉनची ट्यूब रिकामी करा. काच जागची हलणार नाही. आमच्या बाल्कनीला मी तेच केलंय.

भोसरीचा_फॅब्रिकेटर

नाना, रागावू नका, पण ते अजिबात करू नका ताई. खालच्या खोबणीत पाणी येतंच, गॅस्केट (काचेच्या कडेचं रबर) कितीही चांगलं असलं तरी. ते बाहेर जायला चौकटीत आणि झडपेत लांबट भोकं पाडलेली असतात. सिलिकॉनने खोबण भरली की पाणी तिथेच साचतं आणि डबल काचेची कड त्यात भिजत राहते. दोन काचांच्या मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. कडेचं सील हरलं की ते दाणे थोडे दिवस तग धरतात, मग आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही, काच बदलावी लागते. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन असेल तर ते काचेच्या कडेच्या सीललाच लागतं.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं पॅकर म्हणजे फट भरायची वस्तू. फटीला तुमचा पुठ्ठाही पुरला असता. पॅकर असतो काचेचं वजन कुठे उतरायचं ते ठरवायला. हिशोब करा: काच दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तुमची दोन्ही मिळून 10 मिमी, म्हणजे चौरस मीटरला 25 किलो. झडपेची पट्टी वजा करून काच साधारण 580 बाय 1230 धरली तर 18 किलोच्या आसपास. एवढं वजन एका बाजूला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीत आहे. चौकटीचे कोपरे वेल्ड केलेले असले तरी नुसत्या कोपऱ्यांवर ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही, हँडलची बाजू खाली येते. ती गुण्यात धरून ठेवते ती काचच. काच तिच्या प्रतलात दबत नाही, पण त्यासाठी ती दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत अडकलेली पाहिजे.

कुठले दोन? बिजागरीचा खालचा कोपरा आणि हँडलचा वरचा कोपरा. झडप उतरते तेव्हा हा कर्ण आखडतो. तिथे काच घट्ट असली की आखडायला जागाच राहत नाही. तुमच्या माणसाने खाली मधोमध पुठ्ठा ठेवला असणार, म्हणून तो कितीही स्क्रू पिळो, झडप परत उतरणारच.

तर बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात दोन पॅकर: एक काचेच्या खाली, एक बाजूला. हँडलच्या वरच्या कोपऱ्यात दोन: एक वर, एक बाजूला. हे चार घट्ट. बाकीच्या दोन कोपऱ्यांत, म्हणजे हँडलच्या खाली आणि बिजागरीच्या वर, जे घालाल ते नुसते काच सरकू नये म्हणून. तिथे मिमीभर मोकळं सोडा, नाहीतर भार वाटला जातो आणि कर्णाचा उपयोग राहत नाही. कोणताही पॅकर अगदी कोपऱ्यात नको. कोपऱ्यापासून पॅकरच्याच लांबीएवढं, साधारण 100 मिमी आत. काचेचा कोपरा दाबाखाली आला की तिथूनच तडा जातो.

रंग म्हणजे फक्त जाडी. 1 मिमी, 2, 3, 4, 5. पण कोणाचा लाल 3 चा, कोणाचा 5 चा, एका कंपनीचा दुसरीला मेळ नाही. व्हर्नियरने मोजून घ्या. रुंदी मात्र महत्त्वाची. तुमची काच 22 मिमी जाड, तर पॅकर किमान 24 चा पाहिजे. अरुंद पॅकरवर एकच काच टेकते, दुसरी सीलला लोंबकळत राहते. खालच्या पॅकरला खाली खाचा आहेत का बघा, म्हणजे पाणी पलीकडे जाईल. आणि पाण्याच्या भोकावर पॅकर ठेवू नका, ही चूक मी रोज दुरुस्त करतो.

रबर नको. गॅस्केटचं मऊ रबर दबतं, आज 3 मिमी तर वर्षाने 2. मोठ्या इमारतींच्या दर्शनी काचेखाली रबरी ठोकळे असतात, पण ते खास कडक निओप्रीनचे किंवा सिलिकॉनचे, आपल्या दुकानातले नव्हेत.

घरी करण्यासारखं आहे, पण एकटीने नको. तुमच्या बीडिंग पट्ट्या आतल्या बाजूला आहेत म्हणून बरं. तरी पट्ट्या निघाल्या की काच आत झुकते, म्हणून एकाने ती सतत धरून ठेवायची. हातमोजे, पायात बूट. झडपेखाली रस्ता असेल तर खाली कोणाला तरी उभं करा.

आधी सर्वात लांब पट्टी काढा, मध्यापासून. पुट्टी मारायची पातळ पट्टी घालून हळूच पिरगाळायची. प्रत्येक पट्टीवर मागून नंबर टाका, कोपऱ्याचे काप एकमेकांशी जुळलेले असतात. लावताना उलट: आडव्या आखूड आधी, उभ्या लांब शेवटी. काच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर पॅकर हातोडीने ठोकू नका. टफन काच पृष्ठभागावर दणकट, कडेला नाजूक. कडेला लोखंड लागलं की सगळी काच एका क्षणात चुरा होते. लाकडाची चपटी पट्टी घालून झडप जराशी उचलायची आणि पॅकर सरकवायचा.

पट्ट्या लावण्याआधी दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे आले की झडप गुण्यात आली. मी स्वतः हँडलची बाजू मिमी-दीड मिमी जास्तच उचलतो, पहिल्या काही दिवसांत थोडं बसतं. पण जास्त नाही, नाहीतर उभी पट्टी बाहेर फुगते. एक दोरी ताणून बघा, कळेल.

प्राची_ठाणे

दादा, किती सविस्तर! माझा हा समज होता की काच चौकटीत बसते. चौकट काचेवर उभी असते हे पहिल्यांदा कळलं.

दोन शंका. ही झडप पश्चिमेला आहे, दुपारी हात लावता येत नाही एवढी तापते. घट्ट बसवली तर फुगून तडा जाईल का? आणि हॉलची खिडकी सरकती आहे, तिलाही असंच तिरकं?

श्री_स्टुटगार्ट

इथे जर्मनीत खिडक्या बसवणारे भार पेलणारे ठोकळे आणि नुसतं अंतर राखणारे ठोकळे अगदी वेगळे मोजतात, त्यामुळे भोसरीकरांचं चार घट्ट, बाकी सैल हे वाचून बरं वाटलं. आमच्या भाड्याच्या घरातल्या खिडकीची अशीच तक्रार होती. कारागीर आला आणि बिजागरीला हातच लावला नाही, थेट काच काढली. अर्ध्या तासात गेला. बिल मात्र युरोत होतं, ते सांगत नाही.

भोसरीचा_फॅब्रिकेटर

ताई, उष्णतेची शंका योग्य आहे. यूपीव्हीसीची मीटरभर पट्टी 30 अंशांनी तापली तर 2 मिमीपेक्षा थोडी जास्त वाढते. काच तेवढ्याच तापमानाला जेमतेम पाव मिमी. म्हणजे उन्हात चौकट काचेपासून दूर जाते, काचेला चिरडत नाही. खरा धोका उलटा आहे: भर दुपारी, चौकट फुगलेली असताना घट्ट पॅकिंग केलं की रात्री ती आकसते आणि मग काच दाबते. म्हणून सकाळी करा. आता तुमच्या झडपेत आत लोखंडी पट्टी आहे का, हेही बघून घ्या. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवा, ओढ जाणवली तर आहे. नसेल तर एवढ्या उंचीच्या झडपेला पॅकर एकटा पुरणार नाही, त्या फॅब्रिकेटरला बोलवून भांडा. पैसे लोखंडाचेही घेतलेले असतात.

सरकत्या खिडकीला तिरकं नाही. तिला बिजागरी नाही, वजन खाली रोलरवर जातं. म्हणून खालचे दोन पॅकर बरोबर रोलरच्या वर येतील असे ठेवा. मध्ये ठेवलात तर खालची पट्टी वाकते आणि रोलर ट्रॅकला खातो. उभ्या बाजूंना एकेक वर, एकेक खाली, झडप काटकोनात राहण्यापुरता. न उघडणाऱ्या काचेला तर सोपं, खालच्या रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर दोन.

गिरगावातला_वाडकर

विषयाला धरून एक उपप्रश्न. आमच्या चाळीत सागवानी खिडक्या आहेत, आजोबांच्या वेळच्या. काच चुकांवर (बारीक खिळ्यांवर) आणि लुकणावर बसवलेली. एक काच फुटलीय, तिथे 5 मिमीची लावणार आहे. त्यातही हे प्लॅस्टिक घालू का?

भोसरीचा_फॅब्रिकेटर

आधी झडपेची खोबण मोजा. जुन्या खिडक्यांत 2-3 मिमीची काच असायची, तिची खोबण उथळ. 5 मिमी बसवली तर लुकणाला जागाच उरत नाही आणि वजन जवळजवळ दुप्पट होतं, जुन्या बिजागऱ्या कुरकुरतील. 3 मिमीच लावा, 4 च्या वर जाऊ नका. एवढ्याशा तावदानाला भार-बिर काही नाही. खाली 1 मिमीचे दोन पॅकर छोटे कापून टाका, म्हणजे काच लाकडावर टेकणार नाही. लाकूड पावसात फुगतं, म्हणून चारी बाजूंनी दीड-दोन मिमी कमी काच कापून आणा. लुकण खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून घरी करा, सिलिकॉन मारू नका, पुढच्या वेळी काच काढताना लाकडाच्या ढलप्या निघतात. खोबणीला आधी तेलाचा हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड लुकणातलं तेल पिऊन टाकतं आणि ते भेगाळतं.

प्राची_ठाणे

चुंबक चिकटला, लोखंड आहे! रविवारी सकाळी भाचा येतोय. पाकिटातले पॅकर मोजले: सगळे 20 मिमी रुंद. म्हणजे बदलून आणावे लागतील ना?

भोसरीचा_फॅब्रिकेटर

हो. 24 किंवा 28 चे मागा, आधी खोबणीची रुंदी बघून. जाडीत 2, 3 आणि 5 चे जास्त घ्या. 1 चे थोडेच पुरतील, शेवटच्या मिमीसाठी. एकावर एक दोनपेक्षा जास्त रचू नका, घसरतात. आणि दुकानदार "हेच चालतात सगळीकडे" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.